कडबाकुट्टी

आमच्या घरात कडबाकुट्टीचं यंत्र कधीच नव्हतं. आजही नाही. तेव्हा एक म्हैस, तिचं रेडकू आणि वैरण तोडायला विळा एवढाच बारदाना होता. पण सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर निळ्या शाईत लिहिलेलं आहे, की माझ्या वडिलांचा उजवा हात घरी कडबाकुट्टीत सापडला. लिहिणारा दवाखान्यातला कारकून होता. सांगणारा मी होतो. तेव्हा मी नववीत होतो.

आमचं गाव कासारी नदीच्या काठाला, पन्हाळ्याच्या बाजूला. दिवाळी सरली की नदीकाठची गुऱ्हाळं पेटायची आणि शिमग्यापर्यंत साऱ्या शिवाराला गुळाचा वास यायचा. शहरातल्या माणसाला गुऱ्हाळ म्हणजे गरम गूळ, काकवी आणि पाहुण्यांची सहल वाटते. आत राबणाऱ्याला ते वेगळंच दिसतं. चुलवाणात चिपाड सारणारा जळव्या आठ-आठ तास जाळापुढं असतो, त्याच्या पापण्यांचे केस उरत नाहीत. काहिलीवर गुळव्या. भेंडीच्या रसानं मळी वर आली की ती काढायची, पाक पाण्यात टाकून गोळी होते का बघायची, आणि नेमक्या घटकेला काहील उतरवायला हाक द्यायची. तो चुकला की सगळं आदण वाया. म्हणून गुळव्याला मान. आणि या सगळ्याच्या आधी चरक. मोटरीवर फिरणारे लोखंडी रूळ, आणि त्यांच्या तोंडाशी बसून ऊस सारणारा माणूस. आमच्या वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबा नऊ हंगाम त्या चरकाच्या तोंडाशी बसले.

१३ जानेवारी १९९७, भोगीची रात्र. वीज तेव्हा रात्रीची असायची, त्यामुळं चरक रात्रीच फिरायचा. आईनं बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि भोगीची भाजी बांधून दिली होती, ती मीच गुऱ्हाळावर पोचवली होती. थंडी मरणाची. आबांनी अंगात माझ्या चुलत्याचा जुना स्वेटर घातला होता, बाह्या लांब, पंजाच्याही खाली येणाऱ्या. उसाचं बुडख्याकडचं आखूड कांडकं रुळांत नीट धरत नाही, ते हातानं रेटावं लागतं. रेटताना बाही धरली. बाहीमागनं हात. जळव्यानं धावत येऊन दांडक्यानं पट्टा पाडला, पण पट्टा पडला तरी रूळ लगेच थांबत नाहीत. पुढचं मी लिहीत नाही. मी ते बघितलं नाही, ऐकलेलंच आहे, आणि ऐकलेलंही पुरेसं आहे.

मालकानं जीप काढली. हे मान्य करायलाच पाहिजे. रात्री दोन वाजता त्यानं स्वतः जीप चालवत आबांना शहरातल्या सरकारी दवाखान्यात नेलं, पोत्यावर पोती टाकून. आई पुढं, मी मागं आबांचं डोकं मांडीवर घेऊन. दवाखान्याच्या फाटकात जीप थांबली तेव्हा मालकानं मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला.

"बाळ, तू शिकल्याला हाईस. आत इचारलं तर सांगायचं, घरात कडबाकुट्टीत हात गेला. गुऱ्हाळाचं नाव काढलं की पोलीस येत्यात, वायरमन येतोय, समदं बंद पडतंय. मग तुझ्या बाला बघायचं कुणी? मी हाय न्हवं?"

मी मान हलवली. कारकुनानं विचारलं, "कसं झालं?" मी सांगितलं, "कडबाकुट्टीत." त्यानं विचारलं, "घरची?" मी म्हटलं, "घरची." दोन शब्दांचं काम. एवढ्यावर पुढची सात वर्षं गेली.

हात मनगटाच्या वर काढावा लागला. आबा सव्वीस दिवस दवाखान्यात होते. मालक तीनदा आला, औषधांचे पैसे दिले, आईच्या हातात शंभराच्या नोटा ठेवल्या, घरी दोन पोती भात पाठवलं. आई म्हणायची, "देवमाणूस हाय." आबा काही बोलायचे नाहीत. ते आपल्या बांधलेल्या हाताकडं बघत बसायचे आणि मधूनच म्हणायचे, "बोटं खाजवत्यात." नसलेली बोटं खाजवतात हे मला तेव्हा पटायचं नाही, वाटायचं आबांच्या डोक्यावर परिणाम झाला.

आबा शाळेत गेले नव्हते. रात्रीच्या साक्षरता वर्गात जाऊन चाळिशीला टेकल्यावर सही शिकले होते. सोसायटीत, रेशनच्या दुकानात, कुठंही कागद आला की अंगठ्याचं पॅड बाजूला सारून म्हणायचे, "सही करतो की." त्या हाताबरोबर सहीपण गेली. आईला भाकरीची चिंता होती, मला शाळेची. आबांना सहीचं वाईट वाटत होतं हे मला फार उशिरा कळलं.

हंगाम सरला. पाडव्यानंतर हिशेबाला म्हणून आई आणि मी थोरल्या घरी गेलो. आम्हाला वाटलं होतं, आबांची राहिलेली मजुरी मिळेल आणि पुढचं काय ते मालक सांगेल. मालकानं वही काढली. दवाखान्यात दिलेल्या नोटा, औषधं, जीपचं डिझेल, भाताची दोन पोती, सगळं आबांच्या नावावर उचल म्हणून मांडलेलं होतं. मजुरी वजा जाता आमच्याकडंच अडीच हजार निघत होते.

"राहू दे," मालक म्हणाला, "तुम्ही काय पळून जात न्हाईसा. पोरगं पुढल्या साली गुऱ्हाळावर येईलच की. फेडील."

आई तिथं काही बोलली नाही. घरी आल्यावर तिनं चुलीपुढं बसून एकच गोष्ट विचारली, "डिझेलसुदिक?"

तरी आबा तयार नव्हते. "नऊ वर्सं त्येंच्या जिवावर भाकरी खाल्ली. कोर्टात उभं ऱ्हायचं त्येंच्या म्होरं?" असं म्हणून विषय तोडायचे. गावातली माणसंही समजावायला यायची. मालकाकडनं दहा हजारांचा निरोप आला, वहीतली उचल माफ. भावकीतले म्हणाले, घ्या, वर तोंड करून कुठं जाणार? असं करता करता दीड वर्ष गेलं. मी दहावी झालो आणि अकरावीला तालुक्याला जायला लागलो. तिथं शेतकरी कामगार पक्षाचा एक म्हातारा कार्यकर्ता एस.टी. स्टँडवर चहाच्या गाड्यापाशी बसलेला असायचा. सहज बोलता बोलता त्याला सांगितलं. त्यानं कपबशी खाली ठेवली आणि विचारलं, "तारीख काय म्हणालास?" मी सांगितली. त्यानं बोटं मोजली. "दोन वर्सांच्या आत अर्ज पडाय पायजे पोरा. उद्या बाला घेऊन ये."

असा आम्हाला वकील मिळाला. साठीचा माणूस, कोट कोपरावर झिजलेला. त्यानं फी घेतली नाही. टायपिंगचे आणि झेरॉक्सचे पैसे तेवढे आम्ही द्यायचे. त्याच्याकडं एक फाटकं पुस्तक होतं, कामगार नुकसानभरपाई कायदा, १९२३. इंग्रजांच्या काळातला. त्यातलं एक परिशिष्ट त्यानं मला वाचायला दिलं, आणि आयुष्यात वाचलेल्या कुठल्याच कागदानं मला इतकं हादरवलं नाही. माणसाच्या शरीराचा तो दरपत्रक होता. अंगठा गेला तर तीस टक्के. एका हाताची चारी बोटं गेली तर पन्नास. हात गेला तर साठ. पुढं वयाचा तक्ता. चाळीस वर्षांच्या माणसाला १८४.१७. माणूस जितका म्हातारा तितका आकडा लहान. महिन्याच्या मजुरीच्या साठ टक्क्यांना त्या आकड्यानं गुणायचं आणि जितका माणूस गेला तितके टक्के काढायचे. गणित मला चांगलं यायचं. मी तिथंच बाकावर बसून आबांचा हात मांडून काढला.

अर्ज १८ डिसेंबर १९९८ ला पडला. मुदत संपायला सव्वीस दिवस होते.

दुसऱ्याच आठवड्यात आईला थोरल्या घरच्या भांगलणीतनं परत पाठवलं. मुकादम बाई म्हणाली, "तुला नगं म्हणून सांगितलंय." मग बाकीच्या चार घरांनीही नको म्हटलं. कुणी भांडलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त सकाळी टोळी आमच्या दारावरनं जाताना हाक येईनाशी झाली. आई नदीपलीकडच्या गावात कामाला जायला लागली. पावसाळ्यात नदीला पाणी असायचं तेव्हा पुलावरनं दोन कोस वळसा. त्या चार वर्षांत तिच्या पायाला ज्या भेगा पडल्या त्या पुन्हा बुजल्या नाहीत.

मालकाचा जबाब आला. त्यात लिहिलं होतं, की हा इसम माझ्याकडं कामालाच नव्हता. असलाच तर कधीमधी येणारा, नैमित्तिक. त्या रात्री गुऱ्हाळ बंद होतं. गुऱ्हाळात दहा माणसंसुद्धा नसतात, त्यामुळं तो कारखाना नव्हे. शिवाय तो दारू प्यालेला होता. शिवाय हात घरी कडबाकुट्टीत गेला, आणि मी माणुसकीनं मदत केली. मी हे आबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "कामाला न्हवतो, गुऱ्हाळबी बंद, तरीबी प्यालेला? एवढं समदं कसं काय जमलं मला?" त्या दिवसांत आबांनी केलेला तो एकमेव विनोद.

आमच्या वकिलाला दहा माणसांच्या मुद्द्याची फिकीर नव्हती. जिथं वीज किंवा यंत्राच्या जोरावर माल तयार होतो तिथं माणसं मोजायची गरज नाही, हे त्यानं पुस्तकात दाखवलं. नैमित्तिकचंही तसंच. मालकाच्या धंद्याचंच काम करणारा माणूस असल्या शब्दानं बाहेर पडत नाही. दारूचा मुद्दा मात्र तो हलका मानत नव्हता, कारण हात गेला म्हणजे कायद्यानं माणूस अंशतःच निकामी, आणि तिथं नशेचा बचाव चालतो. पण खरी अडचण केसपेपर हीच होती. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "हे कुणी सांगितलं?" मी सांगितलं, मी. तो बराच वेळ चष्मा पुसत बसला.

मग तारखा. कामगार न्यायालयातले न्यायाधीशच तेव्हा या कामाचे आयुक्त असायचे. म्हणजे आमचा अर्ज त्यांच्या बाकीच्या ढिगाऱ्याच्या रांगेत. पहाटेची एस.टी., आबांचं धोतर मी नेसवायचं, आईनं डावा खिसा शिवून दिलेली पैरण, त्यात भाड्याचे पैसे. अकरापर्यंत पोचायचं, बोर्ड बघायचा, आणि तीन-चार वाजता कळायचं की साहेब रजेवर आहेत, नाहीतर समोरचा वकील आलेला नाही. अशा बावीस तारखा मी वहीत लिहून ठेवल्या आहेत. एकदा मालक आणि आम्ही परतीच्या एकाच गाडीत. मालकाची जीप नादुरुस्त होती. आबा उठले आणि त्याला जागा दिली. मी रागानं बाहेर बघत बसलो. मालक बसला. तासभर कुणीच बोललं नाही. उतरताना मालकानं आमची तिकिटं काढलेली आहेत असं कंडक्टरनं सांगितलं.

साक्षीचा प्रश्न होता. चरक, जळव्या, गुळव्या, सगळे मालकाचे. गुळव्याला मी मामा म्हणायचो. आबांचा जिवाभावाचा माणूस. एका रात्री तो मागल्या दारानं आला, उंबऱ्यातच बसला. "मला समन्स काढू नगासा. हितनं उठिवलं तर माझी काहील कुठं न्यायची?" आबांनी त्याला पान दिलं, आणि दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, वकिलाला म्हणावं मामाचं नाव काढ. मी खूप वाद घातला. आबा म्हणाले, "माझा एक हात गेला. त्येचं दोनी जातील."

वाचवलं ते एका परक्या माणसानं. त्या रात्री चरकात जो ऊस चालला होता तो मालकाचा नव्हता, पलीकडच्या वाडीतल्या एका शेतकऱ्याचा होता. आमच्याकडं गुऱ्हाळमालक दुसऱ्याचा ऊसही आदणाच्या भाड्यावर गाळून देतो. त्या शेतकऱ्याचं आमचं ना नातं ना गोतं. आई त्याच्या घरी चारदा गेली. चौथ्या वेळी त्यानं माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. त्यात अडत्याच्या पट्ट्या वर्षवार दोरीत ओवलेल्या. १६ जानेवारी १९९७ ची पट्टी सापडली, इतके रवे, इतकं वजन, हमाली, तोलाई, अडत वजा. गुऱ्हाळ बंद होतं तर हा गूळ आला कुठनं? तो कोर्टात उभा राहिला आणि म्हणाला, "माझं पयलं आदण निगालं, दुसऱ्याच्या टायमाला ह्यांचा हात गेला. राहिल्याला ऊस तिसऱ्या दिवशी गाळला." मालकाच्या वकिलानं त्याला तासभर उलटंपालटं केलं. तो प्रत्येक वेळी पट्टीकडं बोट दाखवायचा.

माझी साक्ष २००१ मध्ये झाली. मी अठरा पूर्ण केले होते, मिसरूड फुटलं होतं. समोरच्या वकिलानं केसपेपर माझ्या हातात दिला.

"ही माहिती तुम्ही दिली?"

"होय."

"कुणी मारून, धमकावून?"

"नाही."

"म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं बोललात, का आत्ता बोलताय?"

कोर्टात दहा-बारा माणसं होती. आबा मागच्या बाकावर. त्यांना तोपर्यंत ठाऊकच नव्हतं. त्यांना वाटायचं ते मालकानंच लिहवलं. मी चार वर्षं ते तसंच वाटू दिलं होतं. मी म्हटलं, "तेव्हा." घसा इतका कोरडा झाला होता की न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग कुणी सांगायला सांगितलं, कुठं सांगितलं, खांद्यावर हात कसा ठेवला, सगळं बोललो. मालक खाली बघत होता.

त्याच दिवशी आबांची उलटतपासणी झाली. दारूचा मुद्दा निघाला तेव्हा आबांनी काही न बोलता डाव्या हातानं पैरणीतनं तुळशीची माळ बाहेर काढली. आमच्या घराला तीन पिढ्यांची वारी. न्यायाधीशांनी लिहून घेणाऱ्याला काहीतरी सांगितलं आणि तो मुद्दा तिथंच मिटला.

परतताना गाडीत मी आबांच्या शेजारी बसलो. मला वाटलं, काहीतरी बोलतील. स्टँडवर त्यांनी शेंगदाण्याची पुडी घेतली होती, ती माझ्या हातात दिली. एका हातानं शेंगदाण्याची सालं काढता येत नाहीत. मी सोलून देत राहिलो, ते खात राहिले. गाव येईपर्यंत एवढंच.

निकाल २००२ मध्ये लागला. आम्ही मजुरी दिवसाला साठ सांगितली होती, मालकानं चाळीस. न्यायाधीशांनी पन्नास धरली. महिना पंधराशे. त्याचे साठ टक्के नऊशे, गुणिले १८४.१७, त्याचे साठ टक्के. नव्याण्णव हजार चारशे एक्कावन्न रुपये ऐंशी पैसे, वर बारा टक्के व्याज. ऐंशी पैशांचं आईला फार नवल वाटलं.

निकाल म्हणजे पैसे नव्हेत हे तेव्हा कळलं. मालकानं अपील केलं नाही. वरच्या कोर्टात जायचं तर आधी सगळी रक्कम भरावी लागते, आणि त्याला ती भरायचीच नव्हती. तो नुसता गप्प बसला. मग वसुलीचा दाखला. जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी ही रक्कम वसूल होते, म्हणून कागद कलेक्टरकडं, तिथनं तहसीलला, तिथनं तलाठ्याकडं. लिहायला सोपं आहे. प्रत्येक टेबलावर तो कागद झोपला. मी तेव्हा शहरात एका दुकानात हिशेब लिहायचो. दर सोमवारी तहसीलला जाऊन त्याला उठवायचो आणि पुढल्या टेबलापर्यंत सोडून यायचो. दीड वर्षानं थोरल्या घराच्या सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात, आबांच्या नावानं बोजा चढला. ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती त्यांचं नाव त्या सातबाऱ्यावर! आबांनी तो उतारा घडी करून माळेच्या डबीत ठेवला.

ऊस लावणीच्या आधी मालक सोसायटीत पीककर्जाला गेला. सचिवानं बोजा दाखवला. पंधरा दिवसांत पैसे भरले. व्याज धरून एक लाख ऐंशी हजारांच्या वर. ते वर्ष २००४. थोरल्या बहिणीचं लग्न, थोडं देणं, एक म्हैस, उरलेले पोस्टात. सात वर्षांचा हिशेब सात महिन्यांत आटोपला.

पैसे मिळाल्याच्या कागदावर कोर्टात अंगठा घ्यायला पॅड पुढं केलं, तेव्हा आबा म्हणाले, "सही करतो की." डाव्या हातानं. कधी सराव केला कुणास ठाऊक. अक्षरं उलट्या बाजूला कलली होती आणि आडनाव रकान्याबाहेर गेलं. कारकुनानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "चालेल."

आमच्याकडं मालकाच्या घरनं दर संक्रांतीला काकवीचा डबा यायचा. १९९७ नंतर तो बंद झाला होता. २००५ च्या संक्रांतीला मालकाचा थोरला मुलगा स्वतः डबा घेऊन आला, दारात ठेवला, आत आला नाही. आईनं तो दिवसभर तसाच ओसरीवर ठेवला. रात्री आबांनी डबा उघडला, भाकरी कुस्करली, वर काकवी ओतली. जेवताना एकदाच म्हणाले, "मामाच्या हातची हाय." मला त्यांनी वाटी पुढं केली. मी घेतली नाही.